कोड आपला, दप्तर मात्र परक्या घरात

खाडीकाठ (धागाकर्ता)

दाभोळच्या मुखाशी भरती भरून आली तरी आत चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पाणी चढायला आणखी अवकाश असतो, हे खाडीत होडी घालणाऱ्याला शिकवावे लागत नाही. छापील कोष्टके मोठ्या बंदरांच्या वेळा देतात. आमचे वडीलधारे तिथीची पाऊणपट करून वेळ काढत, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा. या दोन्ही हिशोबांत जो फरक उरतो तो भरून काढावा म्हणून आम्ही सहा जणांनी मिळून एक लहानसे मोबाइल ॲप लिहिले आहे. त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली (ज्यात त्यावरून घडवून वाटलेलेही खुलेच ठेवावे लागते) खुला आहे, ते नेट नसतानाही चालते आणि त्यातून कोणालाही एक पैसा मिळत नाही. हा धागा जाहिरातीसाठी नसल्यामुळे ॲपचे नाव देत नाही.

गेल्या श्रावणात आमच्यातल्या एकाचा मोबाइल धक्क्यावर उतरताना पाण्यात पडला. प्रकल्पाची मालकी त्याच्या एकट्याच्या खात्यावर होती, खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली होती आणि अडीअडचणीला वापरायचे संकेतांक त्याने त्याच मोबाइलमध्ये जपून ठेवले होते. ज्या व्यासपीठावर हे घडले त्याचे नाव घेत नाही, कारण निम्म्याहून अधिक चूक आमचीच होती. खाते नवव्या दिवशी परत मिळाले. तोपर्यंत आमच्यातला कोणीही नवी आवृत्ती प्रसिद्ध करू शकत नव्हता, आणि खाते कायमचेच गेले असते तर काय, हा विचार मात्र त्या नऊ दिवसांत सर्वांनी केला.

त्या विचारातून जे कळले ते आधी कळायला हवे होते. कोडची काळजी करण्याचे कारण नव्हते. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनाची रचनाच अशी आहे की प्रत्येकाच्या लॅपटॉपवरील प्रत सर्व इतिहासासह पूर्ण असते, त्यामुळे आमच्याकडे कोडच्या सहा प्रती होत्या. इश्यू (प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेली तक्रार किंवा सूचना आणि तिच्यावरची चर्चा) मात्र आमच्याकडे एकही नव्हता. आणि आमच्या प्रकल्पाचे खरे धन तिथेच आहे. कोणत्या धक्क्याला भांगाच्या (कमी भरतीच्या) दिवसांत होडी लागत नाही, उधाणाला कोणत्या पुलाखालून तांडेल (होडीचे प्रमुख) होडी नेत नाहीत, पावसाळ्यात नदीचे पाणी उतरत असताना भरतीची वेळ किती मागेपुढे होते, असे सगळे लोकांनी फोनवर सांगितले आणि आम्ही ते इश्यूंमध्ये टंकून ठेवले. कोडमध्ये त्याचा फक्त एक आकडा उतरतो. तो आकडा तोच का, हे इश्यू वाचल्याशिवाय कळत नाही.

आमचा कोड मुक्त आहे, पण त्याभोवतीची सगळी चर्चा ज्या यंत्रणेत साठते ती यंत्रणा मालकीची आहे, तिचा कोड आम्हाला पाहता येत नाही आणि तिच्या अटी आमच्या हातात नाहीत. अशा स्थितीत प्रकल्प हलवावा का, हलवायचा तर कुठे, आणि नेमके काय हलवायचे, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

सडा

विषय चांगला काढलात. यात एक जुना योगायोग आहे. ज्या गिटच्या जोरावर तुम्ही सहा प्रतींचा दिलासा मानता, ते गिट मुळात अशाच अडचणीतून जन्माला आले. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या, गिटसारखेच काम करणाऱ्या मालकी सॉफ्टवेअरवर चालत होते आणि त्याच्या कंपनीने मुक्त स्रोत प्रकल्पांना ते अटींवर फुकट वापरू दिले होते. सांबा प्रकल्पाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारे स्वतंत्र साधन लिहायला घेतले, तेव्हा कंपनीने २००५ मध्ये ती सवलत काढून घेतली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी गिट लिहायला सुरुवात केली. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच गिटवर गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ उभे राहिले, आणि ज्या परावलंबनातून सुटण्यासाठी हे साधन घडवले गेले त्यात आपण आवडीने परत जाऊन बसलो.

नंतरचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. २००० नंतरच्या काळात बरेचसे मुक्त प्रकल्प सोर्सफोर्ज या अशाच संकेतस्थळावर होते. गिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मंडळींनी २०१३ मध्ये तिथून आपली विंडोजची आवृत्ती हलवली. २०१५ मध्ये सोर्सफोर्जने ते सोडलेले खाते स्वतःकडे घेतले आणि गिम्पच्या नावाखालच्या फाइलसोबत इतर जाहिरातबाज सॉफ्टवेअर बसवून द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी गूगल कोड ही तशीच जागा बंद होत असल्याची घोषणा झाली आणि गिटोरियस हे तसेच संकेतस्थळ गिटहबच्या स्पर्धक गिटलॅबने विकत घेऊन बंद केले. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्या साधनाच्या रेपो (प्रकल्पांची कोड-कोठारे) काढून टाकल्या. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरच्या समभागांत घेतले. यात सगळेच दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. गूगलने पुरेशी मुदत दिली होती आणि सामान हलवायचे साधनही दिले होते. परंतु जागा दुसऱ्याची असली की निघण्याची तारीखही तोच ठरवतो.

माझ्या मते तुम्ही छोटा संगणक घेऊन घरीच फोर्जेयो हे गिटहबसारखी जागा चालवणारे सॉफ्टवेअर बसवावे. ते मुक्त आहे, हलके आहे आणि सहा माणसांना पुरून उरेल.

माडाखाली

सडा यांच्या इतिहासाशी सहमत आहे, उपायाशी अजिबात नाही. मी श्रीवर्धन तालुक्यात राहतो आणि सर्व्हर सांभाळणे हेच माझे पोटाचे काम आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेले. त्यानंतर घरावर पत्रे नव्हते, वाडीत उभी पोफळ दिसत नव्हती, वीज कित्येक दिवस आली नाही, आणि मोबाइलला आवाज यावा म्हणून माणसे डोंगरावर चढत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले आणि त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले. धागाकर्ते गोवळकोटचे असतील तर त्यांना हे मी सांगायला नको. अशा ठिकाणी कपाटावर ठेवलेल्या संगणकाला स्वातंत्र्य म्हणणे मला पटत नाही.

आणि वादळ सोडून द्या. सर्व्हर म्हटला की दर महिन्याला सुरक्षेचे अद्यतन आले, नकली खाती आली, रात्रंदिवस पाने ओरबाडणारे बॉट आले. एका स्वयंसेवी प्रकल्पात हे काम पहिले सहा महिने उत्साहाने होते आणि नंतर एकाच माणसाच्या गळ्यात पडते. तो माणूस नोकरीसाठी पुण्याला गेला की तुमचे दप्तर पुन्हा एकाच्याच खात्यात अडकते.

मोठ्या जागीही अपघात होतातच, हेही मान्य करतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती असे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तासांची भर गेली. त्यात काय गेले आणि काय वाचले ते धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावे: रेपो सर्व शाबूत राहिल्या, गेले ते इश्यू, शेरे आणि नवी खाती. तुमच्या श्रावणातल्या अनुभवाचीच ही मोठी आवृत्ती आहे. त्या कंपनीने आपली चूक सर्वांसमोर तपशीलवार मांडली, हेही तितकेच खरे.

पाऊणपट

मी या प्रकल्पात गेल्या वर्षापासून थोडे काम करते, त्यामुळे अडचण मांडते. मी रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गातून चार जण या ॲपसाठी पुल रिक्वेस्ट (आपले बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवायला तयार झाले, त्याचे एक कारण भरती-ओहोटीचे प्रेम हे असेल, पण दुसरे कारण गिटहबच्या प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन, म्हणजे त्या त्या दिवशी केलेल्या कामाची खूण, हे आहे. मुलाखतीत तेच विचारले जाते. प्रकल्प दुसरीकडे नेला तर आम्ही येऊ, परंतु आमच्या मागून येणारी मुले येतील का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

आडवाट

यात चर्चा करण्यासारखे काय आहे? ही सरळसरळ खोती आहे. जमीन खोताची, राबणारे आपण.

सुरंगी

आडवाट, उपमा ऐकायला ठसकेबाज आहे, पण खोती ज्यांनी सोसली त्यांच्याशी ती न्याय करत नाही. खोत कुळाकडून पिकाचा वाटा घेत असे, वर वेठही घेत असे, आणि कुळाला उठून जायला दुसरी जमीन नसे. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्धचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले, ते उगाच नाही. इथे आपल्याकडून कोणी वाटा मागत नाही, पीक सगळेच्या सगळे उचलून दुसरीकडे नेता येते, आणि दुसरीकडची जमीन फुकट मिळते. आपल्याला धरून ठेवते ती शेजाऱ्यांची संगत आणि सवयीची पायवाट. या दोन्ही गोष्टी कोणत्याही कायद्याने सुटणाऱ्या नाहीत.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. २०१४ च्या डिसेंबरात आपल्याच सरकारच्या दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे अडवण्याचा आदेश काढला होता आणि त्यात गिटहबचे गिस्ट (कोडचे छोटे तुकडे ठेवायची जागा) व सोर्सफोर्ज ही दोन्ही होती. मी तेव्हा वेंगुर्ल्यात बसून एका मराठी शब्दकोशाच्या सॉफ्टवेअरचे भाषांतर करत होते आणि काही दिवस मला माझीच फाइल उघडता येईना. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातील लोकांच्या गिटहब खात्यांवर बंधने आली; इराणसाठी ती उठायला जानेवारी २०२१ उजाडला. २०२० च्या ऑक्टोबरात यूट्यूब-डीएल हा प्रकल्प अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून उतरवला गेला आणि नोव्हेंबरात परत आला. कारणे वेगवेगळी आहेत, पण सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते: कोड एकाच पत्त्यावर होता, म्हणून एकाच आदेशाने तो दिसेनासा झाला. आमचा पत्ता भारतात असो वा जर्मनीत, तो एकच असेल तर धोका तसाच राहतो.

हापूसवाला

खोती नव्हे, पण आंब्याची उचल नक्कीच आहे. मी देवगडचा बागायतदार आहे आणि कोड लिहिणे हा माझा पावसाळ्यातला उद्योग आहे, तेव्हा दोन्हीकडचे थोडे कळते. मोहोर फुटायच्या आधी व्यापारी आगाऊ रक्कम देतो. तो काही जबरदस्ती करत नाही; फवारणीला पैसा हवा असतो, तो वेळेवर मिळतो आणि आपण आभारही मानतो. फळ तयार झाले की पेट्या त्याच्याकडेच जातात, कारण उचल फेडायची असते. भाव नंतर कळतो.

व्यासपीठावर ही उचल रेपोच्या जागेच्या रूपात मिळत नाही. जागा तर सगळेच देतात. ती मिळते फुकट चालणाऱ्या चाचण्यांच्या यंत्रणेत. आमच्या एका प्रकल्पात गिटहब ॲक्शन्स या अशा यंत्रणेच्या फाइली वाढत वाढत इतक्या झाल्या की ॲप बांधणे, त्यावर सही करणे, आवृत्ती चढवणे हे सगळे तिथल्याच तयार तुकड्यांवर अवलंबून राहिले. रेपो हलवायला दहा मिनिटे लागली असती, त्या फाइली नव्याने लिहायला माझा सगळा जुलै गेला. म्हणून हलवायचे ठरवलेत किंवा नाही ठरवलेत तरी एक करा: बांधणीच्या सगळ्या आज्ञा एका साध्या स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि व्यासपीठाच्या फाइलीत फक्त ती स्क्रिप्ट चालवण्याची एक ओळ असू द्या.

सडा

माडाखाली यांचा घरच्या सर्व्हरबद्दलचा मुद्दा मान्य करून मागे घेतो. वादळाचा विचार मी केला नव्हता. आमच्या सड्यावर वारा येतो पण पाणी चढत नाही.

तरीही गिटहबवरच राहावे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण कोपायलट हे गिटहबचे कोड सुचवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आहे. २०२१ मध्ये त्याची झलक आली तेव्हा ते सार्वजनिक कोडवर शिकवलेले असल्याचे सांगण्यात आले. जीपीएलचा कोड वापरून घडवलेले साधन स्वतः बंद आणि सशुल्क असावे का, या प्रश्नावर सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेने २०२२ च्या जूनमध्ये गिटहब सोडण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत दावाही दाखल झाला. आपल्या अंगणात वाळत घातलेली आमसुले जागामालकाने न विचारता उचलावीत, तसे हे मला वाटते.

सुरंगी

सडा, त्याबद्दलची चीड मलाही आहे, परंतु प्रकल्प हलवल्याने ती आमसुले सुरक्षित होत नाहीत. सार्वजनिक रेपो कुठेही असली तरी ती वाचता येते, आणि माडाखाली म्हणतात ते पाने ओरबाडणारे बॉट नेमके त्यासाठीच फिरतात. हा परवान्याचा आणि न्यायालयाचा प्रश्न आहे, पत्ता बदलण्याचा नव्हे. हलवायचे तर दुसऱ्या, अधिक भक्कम कारणासाठी हलवा.

माडाखाली

आता थोडे कामाचे लिहितो. घर आणि गिटहब या दोनच जागा आहेत असे समजू नये. डेबियनने २०१८ मध्ये कोड ठेवण्याची आपली जुनी ॲलिओथ ही जागा बंद करून स्वतःच्या यंत्रावर गिटलॅबची मुक्त आवृत्ती उभी केली, ग्नोमने त्याच वर्षी तेच केले आणि केडीई २०२० मध्ये त्या वाटेने गेले. ते मोठे प्रकल्प आहेत, त्यांच्याकडे माणसे आहेत. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला कोडबर्ग पाहण्यासारखे आहे. ती २०१८ मध्ये बर्लिनला नोंदवलेली, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था आहे, आणि तिथले सॉफ्टवेअर म्हणजे तेच फोर्जेयो, जे २०२२ मध्ये गिटी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघाले. म्हणजे उद्या कोडबर्ग नको झाले तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर बसवून तुम्ही तिथे जाऊ शकता. माझ्या दृष्टीने गिटहब आणि यांच्यातला फरक तिथे आहे. मोठ्या कंपनीइतकी अखंड सेवा मात्र वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेकडून अपेक्षू नका.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. पायथॉनने २०२२ मध्ये आपले स्वतःचे बग-दप्तर सोडून सगळे इश्यू गिटहबवर आणले, कारण जुने दप्तर सांभाळायला माणसे मिळेनात. ते मूर्ख नव्हते.

टोकाची उदाहरणे हवी असतील तर लिनक्सचा कर्नेल पाहा. गिटहबवर त्याची प्रत दिसते, पण ती नुसती प्रत आहे; तिथे पुल रिक्वेस्ट स्वीकारली जात नाही आणि काम आजही ईमेलवरच्या पॅचमधून (बदलांच्या तुकड्यांमधून) चालते. एसक्यूलाइट या डेटाबेसवाले गिटऐवजी फॉसिल हे साधन वापरतात, ज्यात तक्रारींची नोंदसुद्धा कोडच्या रेपोतच राहते आणि प्रत घेतली की सोबत येते. तुम्हाला गिटकडून जी अपेक्षा होती ती फॉसिलने पूर्ण केली असती. पण महाविद्यालयातल्या मुलांना आता फॉसिल शिकवायला बसू नका.

पाऊणपट

न शिकवल्यास आभारी राहीन.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दोन बैठका झाल्या, एक नेटवर आणि एक दाभोळच्या धक्क्यावर. काय ठरले ते लिहितो.

मूळ प्रकल्प कोडबर्गवर नेला. इश्यू, लेबले, पुल रिक्वेस्ट आणि प्रसिद्ध आवृत्त्या तिथल्या आयात साधनाने आल्या, आणि इश्यूंचे क्रमांकही तेच राहिले, त्यामुळे कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) संदेशांतले जुने उल्लेख बिघडले नाहीत. ज्यांचे तिथे खाते नाही त्यांचे शेरे त्यांच्या नावाच्या नुसत्या उल्लेखासह आले. ते शेरे आता त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत, ही रुखरुख आहे. संस्थेच्या खात्याचे मालक तिघे आहेत आणि तिघांचे संकेतांक कागदावर लिहून तीन वेगवेगळ्या घरांत ठेवले आहेत, त्यांतले एक घर मुद्दाम घाटावरचे निवडले आहे.

जुनी रेपो आम्ही पुसली नाही. पाऊणपट यांचा मुद्दा खरा आहे आणि तो स्वार्थाचा म्हणून टाकून देण्यासारखा नाही. ज्या मुलाला नोकरी मिळवायची आहे त्याला आमच्या तत्त्वासाठी तोटा सोसायला सांगणे मला योग्य वाटले नाही. कोडबर्गवर केलेली प्रत्येक भर आपोआप तिकडे पोहोचते, आणि कमिटमधला ईमेल पत्ता गिटहबच्या खात्याशी जोडलेला असला की मुलांचे हिरवे चौकोनही उमटतात. तिकडे कोणी पुल रिक्वेस्ट उघडलीच तर ती नाकारायची नाही, आमच्यातल्या कोणीतरी ती इकडे आणायची.

सगळ्यात महत्त्वाचा बदल या दोन्ही जागांशी संबंधित नाही. ॲपमधले, माहितीपत्रकातले आणि धक्क्यावर चिकटवलेल्या कागदावरचे सर्व दुवे आता आमच्या स्वतःच्या डोमेनकडे जातात, आणि तिथून सध्याच्या जागेकडे. उद्या जागा बदलली तर एकच ओळ बदलावी लागेल. शिवाय दर अमावास्येला सगळे इश्यू साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून रेपोतल्याच एका फोल्डरमध्ये टाकणारी स्क्रिप्ट लिहिली आहे. सुरंगीताई म्हणतात त्या एका पत्त्याच्या धोक्यावर आमच्याकडे एवढाच उतारा आहे: कोडची प्रत ज्याच्या लॅपटॉपवर असेल, त्याच्याकडे तांडेलांनी सांगितलेलेही असेल. अमावास्या निवडण्याला तांत्रिक कारण काही नाही. त्या दिवशी उधाण असते आणि आम्हाला कॅलेंडर पाहावे लागत नाही.

बांधणीच्या फाइलींचे हापूसवाल्यांनी सांगितले तेच झाले आहे. ॲपवर सही करण्याचा भाग अजून जुन्याच यंत्रणेवर चालतो आणि तो सोडवायला मार्गशीर्ष उजाडेल असे दिसते. तोवर तिकडच्या पुल रिक्वेस्ट इकडे आणण्याची पाळी आळीपाळीने करू. या महिन्यात मी करतो, पुढचा महिना पाऊणपट यांनी परीक्षा नसल्यास घ्यावा.

पाऊणपट

परीक्षा आहे, पण घेते.